प्रवासात फोन ऐन वेळी दगा का देतो? बॅटरी, रेंज आणि आपत्कालीन कॉलच्या अडचणी, कारणांसकट

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. घरी रात्रीपर्यंत आरामात टिकणारा फोन प्रवासात दुपारीच लाल बॅटरी दाखवतो. बॅटरी असली तर रेंज नसते, रेंज असली तर फोन लागत नाही. आणि हे नेमकं गाडी बंद पडली, वाट चुकली किंवा कुणाला लागलं अशा वेळी होतं. मग घरी परतल्यावर नवी बॅटरी बसवली जाते, कधी नवा फोनच घेतला जातो, आणि पुढच्या प्रवासात पुन्हा तोच प्रकार.

याचं कारण असं की बिघाड बहुतेक वेळा फोनमध्ये नसतोच. घरी फोन जवळच्या टॉवरवर, वाय-फायवर, बेताच्या तापमानात आणि प्लगपासून चार हातांवर चालत असतो. प्रवासात हे आधार एकेक करून सुटतात. त्यामुळे आधी कोणता आधार सुटलाय ते ओळखायचं, मग उपाय करायचा. उलट क्रमानं गेलं की नुसते पैसे जातात.

हे वाचताना तुम्ही खरोखरच कुठं अडकला असाल आणि बॅटरी थोडी उरली असेल, तर बाकीचं राहू द्या. आधी तिथला आपत्कालीन नंबर लावा. लागला नाही तर कुठं आहात आणि काय झालंय एवढं लिहून घरच्या माणसाला साधा एसएमएस करा. मग स्क्रीनचा उजेड अगदी कमी करा आणि बॅटरी सेव्हर चालू करा. मदत पथक उलट फोन करणार असेल तर फोन चालूच ठेवा. तसं नसेल तर फ्लाइट मोड लावून ठरावीक वेळानंच रेंज तपासा, आणि ती वेळ एसएमएसमध्ये आधीच कळवून ठेवा.

बॅटरी बघता बघता उतरते

सेटिंगमध्ये बॅटरी कशावर खर्च झाली याची यादी असते. प्रवासाच्या दिवशी ती उघडून बघा. काही फोनवर त्या यादीत ‘मोबाइल नेटवर्क’ किंवा ‘सेल स्टँडबाय’ अशी ओळ असते आणि प्रवासाच्या दिवशी ती बरीच वर सरकलेली दिसते. खरा चोर बहुधा तोच.

फोन आणि टॉवर यांचं बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं. टॉवर लांब गेला की आपला आवाज तिथवर पोचावा म्हणून फोन स्वतःची ताकद वाढवतो. जुन्या टूजी फोनना यासाठी २ वॅटपर्यंत मुभा होती. आजच्या फोरजी फोनची कमाल साधारण ०.२ वॅट असते, पण टॉवर जवळ असताना त्याचाही अगदी बारीक अंश पुरतो. चालत्या गाडीत टॉवर सतत बदलतात, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी थोडी देवाणघेवाण होते. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे अजिबात रेंज नसणं. तेव्हा फोन गप्प बसत नाही. त्याला पकडता येतात ते सगळे बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, तो पुन्हा पुन्हा चाळत राहतो. खिशात पडलेला, स्क्रीन बंद असलेला फोन गरम लागला तर बहुधा हेच चाललेलं असतं.

म्हणून पॉवर बँक हा माझ्या मते पहिला उपाय नाही. पहिला उपाय म्हणजे रेंज नसलेल्या पट्ट्यात फ्लाइट मोड. लोकांना भीती वाटते की मग नकाशा बंद पडेल. पडत नाही. जीपीएससाठी फोन काहीच पाठवत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत तो फक्त ऐकतो. फ्लाइट मोड लावल्यावरही तुमचा निळा ठिपका जागेवर असतो. नकाशा मात्र आधी डाउनलोड केलेला हवा, नाहीतर ठिपका कोऱ्या करड्या पडद्यावर उभा दिसतो.

इथं एक बारकावा आहे आणि त्यावरून बरेच जण ‘जीपीएस बिघडलं’ असा निष्कर्ष काढतात. नेट असतं तेव्हा कोणता उपग्रह कुठं आहे ही माहिती फोन इंटरनेटवरून क्षणात उचलतो. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून, सेकंदाला अवघे ५० बिट एवढ्या संथ गतीनं यावी लागते. एका उपग्रहाची स्वतःची माहिती मिळायला अर्धा मिनिट लागतं आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं. तेव्हा रेंज नसलेल्या जागी ठिपका सापडत नसेल तर फोन हलवत, फिरत बसू नका. मोकळ्या आभाळाखाली काही मिनिटं एका जागी थांबा. गाडीच्या आत, दाट झाडीत किंवा उंच भिंतींमध्ये हा वेळ वाढतो.

फ्लाइट मोडमध्ये तुम्हाला कुणी फोन करू शकत नाही हे उघड आहे. त्यामुळे निघताना सांगून ठेवा: अमुक पट्ट्यात फोन बंद असेल, अमुक वेळेपर्यंत आला नाही तर काळजी करा. ही वेळ सांगणं मला लाइव्ह लोकेशनपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. लाइव्ह लोकेशन डेटा गेला की जिथल्या तिथं थबकतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की तुम्ही तिथंच थांबलाय.

रेंज अधूनमधून येत असेल आणि फोन हाताशी लागणार असेल तर निदान फाइव्हजी बंद करून फोरजीवर ठेवा, म्हणजे दोन्हींमधली ये-जा थांबते. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप प्रवासापुरता बंद करा. गाडीत नकाशा लावलाच असेल तर स्क्रीन सारखी पेटती ठेवण्यापेक्षा आवाजाच्या सूचनांवर चाला. सतत उजळलेली स्क्रीन, जीपीएस आणि डेटा हे तिघं मिळून कुठल्याही बॅटरीचा फडशा पाडतात.

२५ टक्के दिसत होते आणि फोन एकदम बंद झाला

थंडी. लिथियम बॅटरी गारठली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा उघडणं किंवा कॉल लावणं असं काही जड काम आलं की व्होल्टेज खाली बसतं आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. चार्ज आत असतोच, फक्त बाहेर येत नाही. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, थोडा ऊबदार होऊ द्या आणि मग चालू करा. बऱ्याच वेळा टक्के परत आलेले दिसतात. गोठणबिंदूखाली असताना मात्र चार्जिंगला लावू नका. त्या तापमानात चार्ज करताना लिथियमचा थर आतल्या पट्टीवर साचतो, आणि ते नुकसान भरून निघत नाही.

उन्हाचं उलट. काचेमागे डॅशबोर्डवर ठेवलेला, नकाशा चालू असलेला आणि वर चार्जिंगला लावलेला फोन तीनही बाजूंनी तापतो. मग तो आधी स्क्रीन मंद करतो, नंतर चार्ज घेणं थांबवतो, शेवटी बंद पडतो. अ‍ॅपल आयफोनसाठी वापराची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते, बंद गाडीतलं तापमान उन्हात त्याच्या कितीतरी वर जातं. चार्जर काढा, कव्हर काढा, सावलीत ठेवा. बर्फावर किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

चार्जर लावलाय पण चार्ज होत नाही

केबल दुसरी लावून बघा. ती ठीक असेल तर टॉर्चच्या उजेडात फोनच्या चार्जिंगच्या तोंडात डोकवा. खिशातला कापूस, धूळ दाबून दाबून तिथं एक घट्ट गादी तयार होते. केबल आत जाते, पण पूर्ण बसत नाही आणि जरा हलली की चार्जिंग तुटतं. फोन बंद करून कोरड्या लाकडी टूथपिकनं, कडेनं, हलक्या हातानं ती गादी उकरून काढा. पिन किंवा सुई नको, आतले संपर्क वाकतात. ‘ओलावा आहे’ अशी सूचना आली असेल तर वाळू द्या. फोन तांदळात पुरू नका, दाणे आणि पूड आत जाते. अ‍ॅपलनं २०२४ मध्ये हे करू नका असं स्पष्ट सांगितलंय.

पॉवर बँकेबद्दल नेहमीची तक्रार अशी की १०,००० एमएएचची बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरत नाही. ती भरणारही नाही. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आहे. बाहेर ५ व्होल्ट किंवा जास्त द्यायचे म्हणजे रूपांतरात तूट आली, केबलमध्ये आली, फोनच्या आत पुन्हा आली. ढोबळ हिशेबात दोन तृतीयांश हातात पडतं असं धरा. विमानात नेताना हाच आकडा वॅट-तासात बघतात: १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास, २०,००० म्हणजे ७४. सर्वसाधारण नियम १०० वॅट-तासांपर्यंत मुभा देतो, १०० ते १६० च्या मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते. आणि पॉवर बँक सामानात टाकायची नाही, हातातल्या पिशवीतच. मालाच्या कप्प्यात आग लागली तर कुणाला दिसत नाही, केबिनमध्ये दिसते. दक्षिण कोरियानं तर २०२५ पासून ती डोक्यावरच्या कप्प्यातही ठेवायला बंदी केलीय. ज्या बँकेवर वॅट-तास किंवा क्षमता छापलेली नाही किंवा पुसली गेलीय, ती तपासणीत अडवली जाऊ शकते.

सार्वजनिक जागच्या यूएसबी सॉकेटमधून फोनमधली माहिती चोरली जाईल, ही भीती जरा फुगवलेली आहे. तरी आपला चार्जर भिंतीत लावणं केव्हाही बरं, कारण वेगही चांगला मिळतो. यूएसबीच लावावं लागलं आणि फोननं ‘डेटा देऊ का’ किंवा ‘या उपकरणावर विश्वास ठेवू का’ असं विचारलं तर ‘नाही’. फोन तिथं सोडून फिरायला जाणं हा त्यापेक्षा खरा धोका आहे.

रेंजच्या दांड्या दिसतात, पण फोन लागत नाही

या क्रमानं जा आणि प्रत्येक पायरीनंतर एक कॉल लावून बघा.

१. फ्लाइट मोड लावा, पंधरा-वीस सेकंद थांबा, काढा. फोन नेटवर्कवर नव्यानं नोंदणी करतो. बऱ्याच तक्रारी इथंच मिटतात.

२. फोन रीस्टार्ट करा.

३. सेटिंगमध्ये नेटवर्क निवड ‘आपोआप’ आहे का बघा. परदेशात कुणीतरी हातानं एखादं नेटवर्क निवडून दिलेलं असतं. ते नेटवर्क मागे राहिलं तरी फोन हट्टानं तेच शोधत बसतो.

४. देश बदलला असेल तर रोमिंग चालू आहे का, आणि नंबर अधिकच्या चिन्हासह देशाच्या कोडनं जतन केलाय का ते बघा. तसा जतन केलेला नंबर घरीही लागतो आणि बाहेरही, त्यामुळे महत्त्वाचे नंबर आजच तसे करून टाका.

५. सिम काढून, पुसून पुन्हा बसवा. हे सगळ्यात शेवटी, कारण धावत्या गाडीत सिम सीटखाली पडलं की नवीन संकट.

डेटा झकास चालतो आणि कॉल मात्र जात नाही, असं असेल तर कारण वेगळं असू शकतं. अनेक देशांत टूजी किंवा थ्रीजी बंद झालंय. तिथं आवाजाचा कॉल फोरजीवरून, म्हणजे व्होल्टीवरून जावा लागतो. फोनमध्ये ते बंद असेल किंवा तो मॉडेल त्या नेटवर्कवर व्होल्टी करू शकत नसेल, तर कॉलची वाटच उरत नाही. ही फक्त गैरसोय नाही. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरअखेर थ्रीजी बंद झालं, तेव्हा जे फोन आपत्कालीन कॉल फोरजीवरून करू शकत नव्हते ते नेटवर्कवरूनच बंद करण्याचा नियम कंपन्यांना लागू झाला. त्यात बाहेरून आणलेले, वरकरणी धडधाकट फोनही होते. जुना फोन घेऊन दुसऱ्या देशात जात असाल तर व्होल्टीबद्दल आपल्या कंपनीला आणि तिथल्या कंपनीला आधी विचारा.

आपत्कालीन कॉल

याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते, म्हणून जरा सविस्तर.

११२ हा नंबर मोबाइलच्या जीएसएम मानकातच बसवलेला आहे. तो किंवा ९११ दाबला की फोन त्याला साधा कॉल समजत नाही, आपत्कालीन कॉल म्हणून पाठवतो. तुमच्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कुणाचीही असेल, तर कॉल त्या टॉवरवरून जाऊ शकतो. स्क्रीनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसतं त्याचा अर्थ हाच. लॉक उघडावं लागत नाही, बॅलन्स लागत नाही.

पण ‘११२ कुठंही, रेंज नसतानाही लागतो’ हे खोटं आहे. एकाही कंपनीचा टॉवर टप्प्यात नसेल तर कुठलाही नंबर लागत नाही. सिम नसलेल्या फोनचाही भरवसा नाही. काही देशांत लागतो, काही देशांत मुद्दाम अडवलेला आहे. जर्मनीत २००९ पासून चालू सिमशिवाय ११२ लागत नाही, कारण सिमविना फोनवरून खोडसाळ कॉल फार व्हायचे. म्हणून जुना बिनसिमचा फोन ‘आणीबाणीसाठी’ गाडीत टाकून निर्धास्त राहू नका. ज्या देशात जाताय तिथला नंबर निघण्याआधी बघून ठेवा, आणि तो फोनच्या साध्या डायलरवरूनच लावा. चॅट अ‍ॅपमधून आपत्कालीन सेवा लागेल असं गृहीत धरू नका.

कॉल लागला की पहिलं वाक्य ठिकाणाचं. काय झालं हे सांगण्याची घाई सगळ्यांनाच असते, पण दहाव्या सेकंदाला लाइन तुटली तर ‘भयंकर अपघात झालाय हो’ यावरून कुणी कुठं पोचणार? आजचे बरेच फोन आपत्कालीन कॉलबरोबर आपलं ठिकाणही आपोआप पाठवतात, मात्र ते घ्यायची सोय त्या देशाच्या यंत्रणेत असावी लागते. तेव्हा तोंडानं सांगायचंच. नकाशावर आपल्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात. दशांश चिन्हानंतर चार आकडे वाचले तरी जागा साधारण ११ मीटरच्या आत येते, पुढची शेपटी वाचत बसायची गरज नाही. अक्षांश आधी, रेखांश नंतर, आणि समोरच्याकडून परत म्हणून घ्या.

कॉल जात नसेल तर एसएमएस. पूर, भूकंप असं काही झालं की सगळे एकदम फोन लावतात आणि टॉवर तुंबतो. कॉलला सलग वाट मोकळी लागते. एसएमएस मात्र छोटा असतो, फटीतून निसटतो, आणि गेला नाही तर पुन्हा पाठवता येतो. रेंजची एकच दांडी येऊन-जाऊन असेल तेव्हाही तोच जाण्याची शक्यता जास्त.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास अडचण. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० चिन्हं बसतात. देवनागरीत सहसा फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे प्रत्येक वेगळं चिन्ह म्हणून मोजलं जातं. ‘बेशुद्ध’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, फोन ती सात मोजतो. ७० च्या वर गेलात की संदेशाचे तुकडे होतात, प्रत्येकी ६७ चिन्हांचे. क्षीण रेंजमध्ये एक तुकडा गेला आणि दुसरा अडकला तर समोरच्याला अर्धंच मिळतं किंवा काहीच मिळत नाही. म्हणून तार करायचे तसं लिहा. ‘अपघात. १ बेशुद्ध. जुन्या पुलाच्या पलीकडे. बॅटरी ८%. मदत पाठवा.’ हे सगळं ६२ चिन्हांत बसतं. आणखी सांगायचं असेल तर सरळ रोमन लिपीत मराठी लिहा. शुद्धलेखनाची काळजी करण्याची ही वेळ नाही. इमोजी अजिबात नको. रोमन संदेशात एक इमोजी पडला तरी मर्यादा १६० वरून ७० वर येते.

आणखी एक. हल्ली मेसेजचं अ‍ॅप साधा एसएमएस न पाठवता इंटरनेटवरून चॅट पाठवतं. डेटा नसला की तो ‘पाठवत आहे’ वर अडकून राहतो आणि तुम्ही समजता गेला. त्या संदेशावर बोट दाबून धरा, ‘एसएमएस म्हणून पाठवा’ असा पर्याय येतो. शिवाय सगळ्याच देशांत आपत्कालीन सेवा एसएमएस घेत नाहीत. म्हणून तो अशा माणसाला पाठवा जो लगेच वाचेल आणि तुमच्या वतीनं फोन करेल.

उपग्रहावरून संदेश पाठवायची सोय आयफोनमध्ये २०२२ मधल्या आयफोन १४ पासून आली आहे. उपयोगी आहे, पण सगळ्या देशांत चालत नाही, आणि मोकळं आभाळ व फोन नेमक्या दिशेला धरून उभं राहायची सवड लागते. घरी बसून त्याचा डेमो एकदा करून बघा.

न सांगताच आपत्कालीन कॉल लागतो

ही उलटी तक्रार. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनवर पॉवरचं बटण पाच वेळा पटापट दाबलं की आपत्कालीन कॉल सुरू होतो. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण धरून ठेवलं की होतो. खिशात, पिशवीत, लहान मुलाच्या हातात हे सहज घडतं. २०२३ च्या जूनमध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी, अँड्रॉइडच्या अपडेटनंतर ९९९ वर असे चुकून येणारे कॉल फार वाढल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. सोय बंद करू नका. सेटिंगमध्ये जाऊन कॉल लागण्याआधीची उलटी मोजणी आणि तिचा भोंगा चालू आहे ना ते बघा. चुकून लागलाच तर घाबरून कापू नका. ‘चुकून लागलाय, सगळं ठीक आहे’ एवढं बोला. कापलात तर ते उलट फोन करतात, नाहीतर कुणाला तरी शोधायला पाठवतात.

फोन हाताशी आहे, पण उघडता येत नाही. किंवा फोनच नाही

तुम्ही बेशुद्ध असाल तर मदत करणाऱ्याला तुमचा लॉक उघडता येणार नाही. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या एका रुग्णवाहिका कर्मचाऱ्याच्या सूचनेवरून, ‘आयसीई’ (‘इन केस ऑफ इमर्जन्सी’) या नावानं जवळच्या माणसाचा नंबर जतन करायची पद्धत जगभर पसरली. तेव्हाचे फोन सहसा लॉक नसायचे. आता नुसतं नाव जतन करून उपयोग नाही. आयफोनच्या हेल्थ अ‍ॅपमधला मेडिकल आयडी आणि अँड्रॉइडमधली आपत्कालीन माहिती भरा, आणि ‘लॉक असताना दाखवा’ हा पर्याय चालू करा. रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी, चालू औषधं, दोन नंबर. भरल्यावर फोन लॉक करून दुसऱ्या कुणाला तरी ती माहिती शोधायला सांगा. त्याला सापडली नाही तर डॉक्टरलाही सापडणार नाही.

फोन चोरीला गेला की लोक आधी फोनच्या किमतीचा विचार करतात. खरी अडचण ओटीपीची असते. सिम गेलं म्हणजे बँक, मेल, तिकीट सगळ्याच्या चाव्या गेल्या. चोर ते सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून तुमचे ओटीपी घेऊ शकतो, तुमच्या फोनला कितीही भक्कम लॉक असला तरी. यावर सिम पिन हा जुना, विसरलेला उपाय आहे. सिम दुसऱ्या फोनमध्ये गेलं की तो आकडा मागतो. तीनदा चुकलं की पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कोड लागतो, आणि तोही दहादा चुकला की सिम कायमचं मरतं. त्यामुळे पिन लावण्याआधी पीयूके कंपनीकडून घेऊन घरी लिहून ठेवा, आणि आधीचा ठरावीक पिन अंदाजानं टाकत बसू नका.

फोनवर *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक दिसतो. तक्रार नोंदवताना तो लागतो, म्हणून तो कागदावर हवा. त्याच कागदावर मेलचे बॅकअप कोड आणि दोन माणसांचे नंबर. कागद पाकिटात नको, सामानात ठेवा, कारण फोन आणि पाकीट बहुधा एकत्रच जातात. एक नंबर तोंडपाठ करा. पूर्वी दहा-बारा असायचे, आता स्वतःच्या घरचा विचारला तरी लोक फोन शोधतात.

गाडी चालवताना

इथं दुरुस्ती अशी काही नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात पाच सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर गाडी ८३ मीटर पुढं गेलेली असते, बिनडोळ्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हँड्सफ्रीमुळे तो फारसा कमी होत नाही, कारण हात मोकळे झाले तरी लक्ष तिकडेच असतं. पत्ता निघण्याआधी टाका, ड्रायव्हिंग मोड लावा, शेजारी कुणी असेल तर फोन त्याच्याकडे द्या. फोन आलाच तर गाडी बाजूला घ्या.

निघण्याआधीची चाचणी

आदल्या दिवशी घरीच फ्लाइट मोड लावा, वाय-फायही बंद करा, आणि दहा मिनिटं फोन तसाच वापरून बघा. जायच्या भागाचा नकाशा उघडतो का? तिकीट आणि राहण्याचा पत्ता दिसतो का, की गोल चकरी फिरत राहते? औषधाची चिठ्ठी नुसती मेलमध्ये आहे की फोनमध्ये उतरवलीय? भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये तिथली भाषा डाउनलोड झालीय का? जे उघडत नाही ते प्रवासातही उघडणार नाही. आत्ता वाय-फाय आहे तोवर उतरवून घ्या आणि ज्याची गरज लागेल त्याचा स्क्रीनशॉट काढा.

हे सगळं करूनही, चांगल्या रेंजमध्ये, बेताच्या तापमानात फोन अर्ध्या दिवसात संपत असेल किंवा २० टक्क्यांवर गचकत असेल, तर मात्र दोष बॅटरीचाच. सेटिंगमध्ये बॅटरीची स्थिती दिसते. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेली असेल तर प्रवासाआधी बदलून घ्या. फोनची मागची बाजू फुगलेली किंवा स्क्रीन कडेनं उचललेली दिसत असेल तर टक्के बघत बसू नका. तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि विमानात तर मुळीच नेऊ नका. बंद करून थेट दुरुस्तीला द्या.